दबलेला आवाज आणि पावसाळ्यातली खरखर: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या तीन तक्रारी आहेत: मॉडनंतर (म्हणजे आम्ही माइकच्या सर्किटमधले पार्ट बदलल्यावर) माइकचा आवाज दबला, जुलैपासून खरखर येते, आणि तपकीर गल्लीत किरकोळ दरात मिळणाऱ्या कपॅसिटरचे आम्ही 2800 रुपये घेतले. आधी खरखरीबद्दल, कारण ती चूक आमची आहे.

कॅप्सूल म्हणजे माइकचा आवाज पकडणारा भाग. तिथपासून फेट या ट्रान्झिस्टरच्या गेटपर्यंतचा, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या पायापर्यंतचा, भाग 1 गिगाओहमच्या प्रचंड मोठ्या रेझिस्टरवर उभा असतो. कॅप्सूल जेमतेम 70 पिकोफॅरॅडची, म्हणजे तिच्यात चार्ज अगदी थोडा मावतो. तिथे फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगला लावायच्या रसायनाचा, पुसट थर राहिला तरी कोरड्या हवेत काही जाणवत नाही. मार्चमध्ये टेस्टिंगला आम्हालाही जाणवलं नाही. पुण्याचा पाऊस सुरू झाला की तोच थर ओल धरतो आणि चार्ज त्यातून झिरपतो. झिरप कमीजास्त होत राहते, म्हणून खरखर. गळतीचा रेझिस्टन्स 20 मेगाओहमवर आला तर 100 हर्ट्झच्या आसपासचा खर्जही पातळ होतो. फ्लक्स नो-क्लीन, म्हणजे धुवावा लागत नाही असा, आहे म्हणून आम्ही बोर्ड धुतला नाही. धुवायलाच हवा होता.

घरी खात्री करायची तर माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवा. सकाळी खरखर गेलेली असेल तर ओलच. नसेल गेली तर केबल आणि कनेक्टर तपासू. फक्त जाळी उघडून आत स्पिरिट लावू नका. कॅप्सूलचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा, त्यावर सोन्याचा मुलामा. एका थेंबाने कामातून जाईल.

आता दबलेला आवाज. तुमची कॅप्सूल के-67 धाटणीची आहे. तिचा वरचा पट्टा, म्हणजे उंच स्वरांचा भाग, मुळातच चढा असतो. नॉयमन कंपनीच्या यू-87 या प्रसिद्ध स्टुडिओ माइकमध्ये सर्किट तो चढ खाली आणतं. तुमच्या माइकसारख्या बऱ्याच स्वस्त माइकांमध्ये कॅप्सूल त्या धाटणीची, पण सर्किट सपाट, म्हणून 'साखर', 'शेजार', 'चिमटा' म्हटलं की स, श, च कानाला टोचतात. कथावाचनात हेच नको म्हणून तुम्ही माइक दिला होता. फेटच्या ड्रेन आणि सोर्स या बाकीच्या दोन पायांमध्ये आम्ही 22 नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावला. त्याने 10 किलोहर्ट्झला साधारण साडेतीन डेसिबल (डीबी) उतरतात. तुमच्या आवाजाला ते जास्त झालं असेल, हे मान्य. 15 लावला तर उतार 2 डीबी, 10 लावला तर सुमारे 1.

पण रिव्ह्यूमधल्या मॉडच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन फाइलींवरून निकाल लावू नका. दुसरी फाइल 4 डीबीने हळू आहे, आणि तिच्यात खोलीचा घुमारा जास्त येतो, म्हणजे माइक लांब होता. जवळच्या माइकला खर्ज जास्त मिळतो, आणि नुसता मोठा असलेला आवाजही कानाला उजवा वाटतो. तुलना करायची तर तोंडापासून माइक एक वीत, खोली तीच, गेन (आवाज वाढवायची पातळी) तोच. मग दोन्ही फाइलींची पातळी अर्ध्या डीबीच्या आत जुळवा आणि कुठली कोणती हे न बघता ऐका.

पैशांचं म्हणाल तर पार्ट स्वस्तच आहेत. गेटकडचा सिरॅमिक कपॅसिटर काढून पॉलिस्टायरीन लावला, कारण माइकच्या अंगावर टिचकी मारली की तो वाजायचा. एरवी आंधळ्या चाचणीत हा बदल बहुतेकांना ओळखू येत नाही, आणि नुसत्या त्याने आवाज रेशमी होतो असं आम्ही कुणालाही सांगत नाही. 2800 मध्ये मुख्य खर्च मोजमापाचा आणि हातकामाचा आहे.

माइक घेऊन या. बोर्ड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून देऊ, गेटचा पाय बोर्डापासून उचलून टेफ्लॉनच्या खुंटीवर घेऊ, म्हणजे चार्ज झिरपणार नाही. त्याचे पैसे नाहीत. 22, 15 आणि 10 तिन्ही तुमच्यासमोर लावू, वाचन तुम्ही करा, पसंतीही तुमचीच. एकही पटला नाही तर मूळ पार्ट तुमच्या नावाच्या पाकिटात आहेत. ते परत बसवू आणि 2800 रुपये परत देऊ.