मालदीव आपण कुणाला भेट दिलेलं नाही

मालदीववरचा तो लांबलचक मेसेज पुन्हा फिरतोय. मालदीव मुळात भारताचंच, चोळांनी तिथे शेकडो वर्षं राज्य केलं, मग अरब फौजेनं तलवारीच्या जोरावर सगळ्यांना बाटवलं, 1965 मध्ये नेहरूंनी ती बेटं भेट देऊन टाकली, 1988 मध्ये पाकिस्तानच्या तावडीतून आपणच त्यांना सोडवलं, आणि त्या लोकांना स्वतःचा असा इतिहासच नाही, असं त्यात म्हटलंय. काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी गप्प बसले. पण आता नववीतल्या भाच्यानं शेजारी देशांच्या प्रकल्पात तो जसाच्या तसा उतरवलाय, आणि त्याला शाबासकीही मिळाली आहे. त्यामुळे आता बोलायलाच हवं.

आधी ती ‘भेट’. नेहरू गेले 27 मे 1964 ला आणि मालदीव स्वतंत्र झालं 26 जुलै 1965 ला. एवढंही कुणी ताडून बघितलं नाही. बरं, नेहरूंऐवजी शास्त्रीजींचं नाव घातलं तरी दावा खोटाच राहतो. जे आपलं नव्हतंच ते देणार कसं? 1887 चा करार काढून बघा. 16 डिसेंबरच्या त्या कराराने सुलतानाने ब्रिटिशांचं संरक्षण पत्करलं आणि परराष्ट्र व्यवहार सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, गव्हर्नरमार्फत चालवायचं कबूल केलं. अंतर्गत कारभार सुलतानाकडेच राहिला. सिलोन ही ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरची वेगळी वसाहत होती आणि तिचा कारभार थेट लंडनच्या हुकमाने चाले. कोलंबोशी हे नातं डचांच्या काळापासूनचं. मालदीवची राजधानी मालेहून दरसाल नजराणा घेऊन वकील तिकडे जायचे. 1948 मध्ये सिलोन स्वतंत्र झाल्यावर मालदीवने ब्रिटनशी नवा करार केला, आणि 1965 चा स्वातंत्र्याचा करारही ब्रिटनशीच झाला. त्यावर सह्या झाल्या त्याही कोलंबोत. या कागदपत्रांत दिल्ली कुठेच येत नाही. कच्चथीवू हे बेट श्रीलंकेला गेलं ते 1974 मध्ये, ते प्रकरण वेगळं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा दोन्हींची खिचडी केलीय.

चोळांचं म्हणाल तर चोळ राजा राजराजाच्या शिलालेखात समुद्रातली ‘बारा हजार जुनी बेटं’ जिंकल्याचा उल्लेख आहे, आणि ती बेटं म्हणजे मालदीव असं बहुतेक अभ्यासक मानतात. स्वारी झाली, मान्य. स्वारीवरून शेकडो वर्षांचं राज्य सिद्ध होत नाही.

धर्मांतराच्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे आणि ते मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय. मालदीव शतकानुशतकं बौद्ध होतं. 1153 मध्ये राजानेच इस्लाम स्वीकारला. 1343 च्या सुमारास तिथे येऊन काझी झालेल्या मोरोक्कन प्रवासी इब्न बतूताने लिहिलेल्या कथेत एक मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतला, विद्वान कुराणपठण करून समुद्रातल्या राक्षसाला पळवून लावतो. अरब फौज त्या कथेत नाही. पण पुढचं शांततेत झालं असंही नाही. इस्धू बेटाचा 1194 च्या सुमाराचा ताम्रपट सांगतो की तिथल्या भिक्षूंना मालेला नेऊन त्यांचा शिरच्छेद केला गेला. हा हुकूम बाहेरच्या कुणाचा नव्हता, मालदीवच्याच राजाचा होता. ते क्रौर्य मला झाकायचं नाही, पण ते अरब फौजेच्या नावावर घालणं खोटं आहे.

आणि ‘स्वतःचा इतिहासच नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त झोंबलं. मालेची जुनी जुम्मा मशीद 1658 ची. प्रवाळाचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत खाचा करून बसवलेले आणि त्यांवर बारीक कोरीवकाम. ती जुन्या देवळाच्या पायावर उभी असल्याचं मानतात. त्यामुळे इमारतीचं तोंड मक्केकडे नाही आणि नमाजाच्या रांगा आत तिरक्या बसतात. त्यांच्या थाना लिपीची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून घेतलेली, पुढची नऊ त्यांच्याच जुन्या अंकांवरून, आणि लिहायचं उजवीकडून डावीकडे. ही करामत त्यांची स्वतःची. बंगालच्या बाजारात चलन म्हणून चालणाऱ्या कवड्या इथूनच जायच्या आणि बदल्यात तांदूळ यायचा. 1558 मध्ये पोर्तुगीजांनी माले घेतलं. गोवा त्यांच्या ताब्यात साडेचारशे वर्षं राहिला, तर मालेतून उथीमू बेटाच्या मुहम्मद ठाकुरुफानूने आपल्या भावांसह त्यांना 1573 मध्ये हुसकावून लावलं. आज तो दिवस तिथे राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

1988 मध्ये आपलं सैन्य गेलं हे खरं, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. 3 नोव्हेंबरला आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर त्याच रात्री हुलहुले विमानतळावर उतरले. पण तिथलं सरकार उलथवायचा तो कट अब्दुल्ला लुथुफी या मालदीवच्याच व्यापाऱ्याचा होता आणि त्याच्या हाताशी श्रीलंकेतल्या ‘प्लोट’ या तमिळ संघटनेचे बंदूकधारी होते. पाकिस्तानचा त्यात संबंध नव्हता.