रँकिंग बघा, पण आधी हे बघा : कॅनडातल्या विद्यापीठांबद्दल एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही मला ताई म्हणालात, म्हणून मीही दादाच म्हणते. तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि रागाने लिहिलेली होती. पण त्या रागामागे एका बापाची काळजी आहे हे कळत होतं, म्हणून उत्तरही सविस्तर देते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या आधीच्या लेखात मी मॅकमास्टर आणि अल्बर्टा विद्यापीठांची नावं घेतली होती आणि रँकिंगच्या फार मागे न लागता थेट प्राध्यापकांना ईमेल करा, असं सुचवलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली. दादांची मुलगी पुण्यात मेटलर्जीच्या, म्हणजे धातूशास्त्राच्या, शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मास्टर्ससाठी कॅनडाला यायचंय. त्यांचं म्हणणं असं : टोरंटो, मॅकगिल आणि यूबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) ही तीनच नावं जगात चालतात. मॅकमास्टर किंवा अल्बर्टा सांगितलं तर सांगलीत सोडाच, पुण्यातही कुणी ओळखत नाही. मॅकमास्टर ज्या शहरात आहे त्या हॅमिल्टनला मी राहते, म्हणून त्याची भलामण करते. 'प्राध्यापकांना ईमेल करा' हा सल्ला आयआयटीच्या मुलांना ठीक, आपल्या पोरांना कुणी उत्तर देत नाही. आणि घर तारण ठेवून चाळीस लाखांचं कर्ज काढणाऱ्या माणसाला 'रँकिंगच्या फार मागे लागू नका' असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

कर्जापासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

हा चाळीस लाखांचा आकडा आला कुठून? तुम्ही लिहिलंय की कन्सल्टंटने टोरंटोच्या 'एमएस'चा खर्च काढून दिला. टोरंटोत मटेरियल्समध्ये (मेटलर्जी याच विभागात येते) दोन वेगळ्या पदव्या आहेत. एक एमईंग, म्हणजे मास्टर ऑफ इंजिनिअरिंग : विषय घ्या, परीक्षा द्या, बाहेर पडा. दुसरी एमएएससी, म्हणजे मास्टर ऑफ अप्लाइड सायन्स : एका प्राध्यापकाच्या हाताखाली साधारण दोन वर्षं संशोधन करायचं आणि थीसिस लिहायचा. पहिलीची फी परदेशी विद्यार्थ्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागते आणि ती भरमसाठ असते. दुसरीत विद्यार्थ्याला पैसे मिळतात. प्राध्यापक आपल्या संशोधन निधीतून स्टायपेंड देतो, त्यात टीचिंग असिस्टंटशिपची, म्हणजे शिकवण्यात मदत करण्याच्या पगारी कामाची, भर पडते. त्यातून फी भागते आणि जपून राहिलं तर खोलीभाडं आणि जेवणखाणही निघतं. इमारत तीच, प्राध्यापक तेच, पदवीवर विद्यापीठाचं नावही तेच. एका वाटेने गेलात तर घर तारण पडतं, दुसरीने गेलात तर बहुतेक वेळा पडत नाही.

अमेरिकेत मास्टर्सच्या विद्यार्थ्याला पैसे मिळणं दुर्मीळ आहे, म्हणून आपल्याकडे 'एमएस म्हणजे कर्ज' हे समीकरण घट्ट बसलंय. कॅनडातली पद्धत वेगळी आहे. इथे पीएचडीच्या आधी थीसिसवालं मास्टर्स करण्याची रीत आहे आणि विज्ञान-अभियांत्रिकीत विभाग त्या विद्यार्थ्याला पोसतो. फीसुद्धा वेगळी लागते. यूबीसीत संशोधनाच्या मास्टर्सची परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास आहे. तिथल्याच व्यावसायिक मास्टर्सची फी याच्या कितीतरी पट आहे. कन्सल्टंटच्या कागदावर हा फरक का नव्हता, हे त्यांना विचाराच. थीसिसच्या प्रवेशात कन्सल्टंटला करण्यासारखं फारसं काही नसतं, तिथे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांचंच जमावं लागतं.

पदवीच्या नावावरही जाऊ नका. टोरंटो, यूबीसी, वॉटरलू, मॅकमास्टर इथे अभियांत्रिकीतल्या थीसिसवाल्या पदवीला एमएएससी म्हणतात, अल्बर्टात तिलाच एमएससी म्हणतात. विभागाच्या पानावर 'थीसिस' आणि 'फंडिंग' हे दोन शब्द शोधायचे, बस्स.

एमईंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. हाताशी पैसा आहे, चार-पाच वर्षं नोकरी झालीय, संशोधनात रस नाही आणि लवकर बाहेर पडायचंय, अशा माणसाला ती चांगली पदवी आहे. शिक्षणानंतरचं वर्क परमिटही दोन्ही प्रकारांत सारखंच. किमान आठ महिन्यांचं मास्टर्स असेल तर फेब्रुवारी २०२४ पासून तीन वर्षांपर्यंत मिळतं. पण बावीस वर्षांच्या, वडिलांच्या कर्जावर येणाऱ्या आणि प्रयोगशाळेत रमणाऱ्या मुलीने (तिने प्रोजेक्टसाठी गंजण्याचा विषय स्वतःहून घेतला, असं तुम्हीच लिहिलंय) टोरंटोचं नाव मिळावं म्हणून एमईंग करावं, हे मला अजिबात पटत नाही.

आता रँकिंग. क्यूएस ही जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी दरवर्षी काढणारी संस्था. तिच्या २०२५च्या यादीत टोरंटो २५वं होतं आणि मॅकगिल २९वं. २०२६च्या यादीत मॅकगिल २७वं आहे आणि टोरंटो २९वं. त्या वर्षभरात टोरंटोचा मटेरियल्स विभाग बिघडला का? या यादीतले ४५ टक्के गुण नावलौकिकाच्या पाहणीचे असतात : ३० टक्के प्राध्यापकांमधल्या, १५ टक्के नोकरी देणाऱ्यांमधल्या. साहजिकच मोठी, जुनी, सगळे विषय शिकवणारी विद्यापीठं वर राहतात. मॅकगिल १८२१चं, टोरंटो १८२७चं. वॉटरलू १९५७चं. ते २०२६च्या यादीत ११९वं आहे, आणि तिथून कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या मुलांना अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या शोधत येतात. (इथे एक सूचना : वॉटरलूची प्रसिद्ध को-ऑप पद्धत, म्हणजे आळीपाळीने एक सत्र शिक्षण आणि एक सत्र नोकरी, ही मुख्यतः बॅचलर्ससाठी आहे. मास्टर्सच्या मोजक्याच अभ्यासक्रमांत ती मिळते. आपल्याकडची बरीच मुलं हे न तपासता अर्ज करतात.)

योशुआ बेंजिओ यांचंच बघा. डीप लर्निंग या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखेतल्या कामासाठी २०१८चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, जेफ्री हिंटन आणि यान लकून यांच्याबरोबर त्यांना मिळाला. ते शिकले मॅकगिलमध्ये, पण प्राध्यापक झाले त्याच शहरातल्या, फ्रेंचमधून चालणाऱ्या युनिव्हर्सिटे द माँत्रेयालमध्ये. तुमच्या यादीत ते नावही नाही. रिचर्ड सटन यांना रीइन्फोर्समेंट लर्निंग या कृत्रिम बुद्धिमत्तेच्याच दुसऱ्या शाखेसाठी २०२४चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, ते २००३ पासून एडमंटनला, अल्बर्टा विद्यापीठात आहेत. हिंटन टोरंटोचे, हे खरं. पण बेंजिओ, सटन आणि हिंटन या तिघांपैकी एकच तुमच्या तीन नावांत बसतो.

रँकिंग कधी बघावंच लागतं, हेही सांगते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती (अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची) क्यूएस क्रमवारीची मर्यादा घालते. त्या वर्षीची जाहिरात वाचून, मर्यादेत बसणाऱ्या विद्यापीठांतूनच निवड करावी लागते. विनातारण शैक्षणिक कर्ज देताना बँकाही आपापल्या याद्या बघतात. आणि भारतात परत येऊन प्राध्यापकी किंवा सल्लागार कंपनीत नोकरी करायची असेल तर मोठ्या नावाचा उपयोग होतो, ही तुमची बाजू रास्त आहे. अशा वेळी रँकिंगला महत्त्व द्या. तुमच्या मुलीच्या बाबतीत तुम्ही स्वतःच लिहिलंय की तिला कारखान्यातलं काम हवंय.

म्हणून आता फक्त मेटलर्जीपुरतं बोलू. इथे मला मनापासून बोलायचंय.

मॅकमास्टर १९३० साली टोरंटोहून हॅमिल्टनला आलं. टोरंटोपासून हे शहर सत्तरेक किलोमीटरवर, ओंटारिओ सरोवराच्या काठी आहे. कॅनडात पोलाद म्हटलं की पहिलं नाव हॅमिल्टनचं येतं. स्टेल्को आणि डोफास्को हे दोन्ही कारखाने इथले. विद्यापीठाच्या आवारात १९५९ पासून अणुभट्टी चालू आहे. न्यूट्रॉन वापरून घन पदार्थातले अणू कसे हलतात हे दाखवणाऱ्या बर्ट्राम ब्रॉकहाउस यांना १९९४चं भौतिकीचं नोबेल मिळालं, ते इथलेच प्राध्यापक. देशभरातल्या संशोधकांसाठी असलेलं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचं राष्ट्रीय केंद्र याच आवारात आहे. आणि केंद्र सरकारची कॅनमेट मटेरियल्स ही प्रयोगशाळा ओटावाहून उचलून हॅमिल्टनला, मॅकमास्टरच्या इनोव्हेशन पार्कमध्ये आणली गेली. धातू ओतायची आणि लाटायची यंत्रं तिथे छोट्या कारखान्याच्या आकाराची आहेत. गंज, मिश्रधातू, गाड्यांचं पोलाद यांत ज्याला काम करायचंय त्याला हे सगळं काही मिनिटांच्या अंतरावर मिळतं. क्यूएसच्या एकूण यादीत मॅकमास्टर पहिल्या दीडशेतही नाही, कारण त्या यादीत धातूशास्त्राबरोबर साहित्य, कायदा, संगीत सगळंच मोजलं जातं.

मी हॅमिल्टनला राहते म्हणून हे मला जवळून दिसतं, एवढं खरं. पण तुमच्या मुलीचा कल दुसरीकडे असता तर मी दुसरं नाव घेतलं असतं. वेल्डिंग आणि पाइपलाइनचं पोलाद म्हटलं तर अल्बर्टा : तिथे वेल्डिंगचं स्वतंत्र केंद्र आहे आणि आसपास तेलउद्योग. तेलमिश्रित वाळूतून गरम पाण्याने डांबर वेगळं करायची रीत १९२०च्या दशकात त्याच विद्यापीठातल्या कार्ल क्लार्क यांनी बसवली. उद्योगाचं आणि विद्यापीठाचं नातं तिथे तेव्हापासूनचं आहे. खनिजातून द्रावणाने तांबं किंवा जस्त काढायचं असेल तर यूबीसी, कारण ब्रिटिश कोलंबियात खाणी आहेत आणि तिथल्या ट्रेल गावात जुना मोठा स्मेल्टर, म्हणजे खनिजातून धातू काढायचा कारखाना, आहे. ॲल्युमिनियमसाठी क्वेबेक, तिथे जलविद्युत स्वस्त आहे म्हणून तो उद्योग वाढला. मॅकगिलमध्ये खाणकाम आणि मटेरियल्स एकाच विभागात आहेत. पण क्वेबेक प्रांताचं स्वीकृतीपत्र, सीएक्यू, वेगळं काढावं लागतं. आणि शिक्षण इंग्रजीत झालं तरी कारखान्यात फ्रेंचशिवाय निभत नाही. टोरंटोचा विभाग उत्तमच आहे, थीसिसला तिथे प्रवेश मिळाला तर आनंदाने जावं, फक्त घरभाड्याचा अंदाज घ्यावा. टोरंटो आणि व्हँकुव्हर ही भाड्यासाठी देशातली सगळ्यात महाग शहरं आहेत, एडमंटन त्या मानाने पुष्कळ स्वस्त.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. अमेरिकेने जून २०२५ पासून बाहेरच्या पोलादावर ५० टक्के आयातशुल्क लावलंय आणि इथल्या कारखान्यांना त्याचा फटका बसतोय. दोन वर्षांनी नोकऱ्यांची काय स्थिती असेल हे कुणीही छातीठोकपणे सांगू नये. मला विचाराल तर कर्ज न काढता इकडे यावं, याचंच हे आणखी एक कारण आहे.

'कुणी उत्तर देत नाही' याबद्दल. खरंय, बरेच जण देत नाहीत. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब' असं लिहून एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की उत्तर येत नाही, मग कॉलेज कुठलंही असो. तुमच्या मुलीने चार-पाचच प्राध्यापक निवडावेत. प्रत्येकाचा अलीकडचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचावा. आणि आठ-दहा ओळींत लिहावं : मी गंजण्यावर हा प्रोजेक्ट केला, त्यात ही अडचण आली, तुमच्या निबंधातल्या या भागाशी तिचा संबंध वाटतो, पुढच्या सप्टेंबरसाठी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का, आणि त्याला फंडिंग आहे का. सोबत सगळ्या सत्रांच्या मार्कशीटची एकच पीडीएफ. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर पुढच्याकडे वळावं. फंडिंगचं स्पष्ट विचारण्यात संकोच नको, इथे तो प्रश्न उद्धट समजला जात नाही. काही विभागांत, विशेषतः टोरंटोच्या कॉम्प्युटर सायन्ससारख्या ठिकाणी, समितीच निवड करते आणि आधी ईमेल करायची गरज नसते. अभियांत्रिकीत मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाने 'हो' म्हटल्याशिवाय थीसिसचा प्रवेश होत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलं अजून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतील तर मायटॅक्स ग्लोबलिंक ही इंटर्नशिपची योजना बघा. भारतातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना कॅनडातल्या प्राध्यापकाबरोबर बारा आठवडे संशोधन करायला मिळतं आणि पुढे तोच प्राध्यापक मास्टर्सला घेतो असं पुष्कळदा होतं.

व्हिसाचं तुम्ही शेवटी विचारलंय. २०२४ पासून कॅनडाने विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्यात. पण १ जानेवारी २०२६ पासून सार्वजनिक विद्यापीठांतल्या मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना त्या मर्यादेतून वगळलंय, त्यांना प्रांताचं पीएएल, म्हणजे त्या मर्यादेत जागा असल्याचं प्रांताने दिलेलं पत्र, लागत नाही. खर्चाचा पुरावा मात्र दाखवावा लागतो. क्वेबेक सोडून इतरत्र एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्चाशिवाय वर्षाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर. विद्यापीठाच्या पत्रात फंडिंगची रक्कम लिहिलेली असेल तर ती या पुराव्यात जोडता येते. विद्यार्थी व्हिसा झटपट देणारी आधीची एसडीएस (स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम) योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे वेळ हातात ठेवून अर्ज करा.

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बऱ्याच विभागांची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणजे प्राध्यापकांना लिहायला दिवाळीच्या आधीच सुरुवात व्हायला हवी. तिच्या प्रोजेक्टचा दोन पानी सारांश आणि निवडलेल्या प्राध्यापकांची नावं मला पाठवायला सांगा. पहिला ईमेल जाण्याआधी मी वाचून देईन.