नुसतं डॉस असून भागत नव्हतं
एमएस-डॉस ही मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) असलेल्या प्रत्येक पोर्टेबलवर, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या संगणकावर, आयबीएम पीसीचे प्रोग्रॅम चालायचे, हे जुन्या पोर्टेबल संगणकांवरच्या लेखातलं विधान पटलं नाही. लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा (स्प्रेडशीट) प्रोग्रॅम वेगासाठी डॉसला वळसा घालून थेट स्क्रीनच्या मेमरीत अक्षरं लिहायचं. ती मेमरी ठरल्या पत्त्यावर नसली की सगळं ठप्प! म्हणून १९८३ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक पोर्टेबलचं मोल मोठं. १२-१३ किलोचं धूड, पण आयबीएमच्या बायॉसची (संगणक सुरू करून त्याचं हार्डवेअर हाताळणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) नक्कल न करता कॉम्पॅक कंपनीने तो स्वतः नव्याने लिहिला. मशीन आयबीएम पीसीशी खरंच सुसंगत आहे का, हे लोक लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवण्याचा खेळ चालवून बघायचे. फ्लॉपीचा घोळ तर वेगळाच: १९८४ च्या डेटा जनरल वन या पोर्टेबलला साडेतीन इंची ड्राइव्ह, आणि सॉफ्टवेअर बहुतेक सव्वापाच इंची फ्लॉपीवर. कॉम्पॅकच्या त्या कामाचा उल्लेख लेखात यायलाच हवा होता.