नकुलाने नेमकं कुठे बांधलं होतं?

महाभारतातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस नकुल, हे माझं मत गेल्या जानेवारीत पक्कं झालं. त्या वेळी मी लुइझियानातल्या एका दलदलीत, झाडावर वीस फुटांवर, बुडाखालून भिजत बसलो होतो.

अज्ञातवासाला निघताना पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली, हे दसऱ्यामुळे आपल्याला पाठ असतं. पण झाडावर चढलं कोण? अर्जुन नाही, भीम तर नाहीच. नकुल चढला. आणि विराटपर्वात चक्क म्हटलंय की, जिथे पाऊस लागणार नाही अशी जागा बघून त्याने ती घट्ट बांधली. वर्षभर ती तिथे होती, म्हणजे एक अख्खा पावसाळा आलाच. पुढे विराटाच्या मुलाने ती उतरवली तर लखलखत होती म्हणे. मी जेमतेम साडेतीन तास झाडावर होतो आणि माझ्या धनुष्यातून अजून पाणी निघतंय.

मी मूळचा चिपळूणचा. पुराशी आमचा घरोबा. २००५ चा मी घरात राहून पाहिला, २०२१ चा लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये फोनला डोळे लावून. पाणी वाढायला लागलं की आधी धान्य माळ्यावर, मग कागदपत्रं, मग गाद्या, मग आजी, हा क्रम आमच्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. त्यामुळे शेजारच्या पॉपॉने (म्हणजे आजोबा, अख्खी गल्ली त्यांना तेच म्हणते) मला पुराच्या पाण्यात शिकारीला येतोस का विचारलं आणि वर "सामान कोरडं ठेवता येईल ना?" असंही विचारलं, तेव्हा मी हसलो. चिपळूणकराला हे विचारणं म्हणजे मालवणीला मासा ओळखतोस का विचारण्यासारखं.

शिकारीचं म्हणाल तर आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून हरणाकडे वाकड्या नजरेने बघायचीही सोय नाही. तिथे परवाना असतो, हंगाम असतो, किती हरणं मारायची याचा हिशोब असतो आणि १ सप्टेंबर १९६९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा कोर्स करावा लागतो. तो मी केला. पैकीच्या पैकी मिळाले. परीक्षा एसी खोलीत होती.

जागा होती अचाफलाया. अमेरिकेतली नदीकाठची सगळ्यात मोठी दलदल. गंमत म्हणजे तिथला पूर तिथल्या पावसावर अवलंबून नसतो. मिसिसिपीला ३१ राज्यांचं पाणी येऊन मिळतं आणि मिसिसिपी व रेड रिव्हर यांच्या एकूण पाण्यातलं ३० टक्के वरच्या बाजूचे दरवाजे उघडून इकडे वळवतात. आकाश निरभ्र, आणि पाणी कमरेला. 'पाणी सोडलं का?' हा प्रश्न चिपळुणात जन्मलेल्या माणसाला लुइझियानातही विचारावा लागतो, यात मला फार घरच्यासारखं वाटलं.

पाणी चढलं की हरणं उरल्यासुरल्या उंचवट्यांवर येतात. उंचवटा म्हणजे किती, तर आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या उंचीचा. नदी ठरावीक पातळीच्या वर गेली की काही भागांत शिकार बंदच करतात, कारण अडकलेल्या जनावराला मारण्यात कसला पुरुषार्थ? आमचं पाणी त्या पातळीच्या खाली होतं. माझ्या छातीच्या मात्र वर होतं.

पहाटे चार वाजता पॉपॉच्या सपाट बुडाच्या होडीतून निघालो. ही होडी म्हणजे पिरोग. तिच्यात बसलेल्याने शिंकायचंही विचारून. अंगात छातीपर्यंतची रबरी विजार, तिच्यावर कमरेला पट्टा, की पडलोच तर पाणी आत भरू नये. सायप्रसची झाडं बुंध्याशी ढोल्यासारखी फुगलेली असतात, त्यामुळे मचाणाचे पट्टे खाली बसतच नाहीत; फुगवटा संपतो तिथून सुरुवात करावी लागते आणि तिथपर्यंत होडीत उभं राहून पोचायचं. पॉपॉने मला एका झाडाला सोपवलं, आपण साठ-सत्तर पावलांवरच्या दुसऱ्या झाडाशी जाऊन त्याच्या मुळाशी होडी बांधली आणि वर गेले. त्यांचं वय ६८. मी जिममध्ये जातो.

थांबा, धनुष्याचं राहिलं. पहिला नियम असा की धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही. आधी आपण वर जायचं, स्वतःला झाडाशी बांधून घ्यायचं आणि मग दोरीने ते ओढून घ्यायचं. पॉपॉ जाण्याआधी म्हणाले होते, "शा, धनुष्य झाडाच्या खुंटीला अडकव. होडीत ठेवू नकोस." ('शा' म्हणजे केजन, म्हणजे लुइझियानातल्या, फ्रेंचमधलं 'बाळा'. पंचेचाळिशीच्या माणसाला पहाटे चारला ते बरं वाटतं.) मी मान डोलावली. पण होडी अजून खालीच होती, तिची फळी कोरडी होती, आणि खुंटी ओली. कोरडं ठेवण्यातला माझा चिपळुणी अनुभव जागा झाला. धनुष्य फळीवर ठेवून मी चढलो. मग पॉपॉ होडी घेऊन गेले.

म्हणजे धनुष्य दोरीला, दोरी मला, आणि होडी निघाली. फळीवरून धनुष्य शांतपणे, कुणाचाही निरोप न घेता, पाण्यात उतरलं. विहिरीतून पोहरा ओढावा तसं मी ते वर घेतलं, आणि पोहऱ्यासारखंच ते रस्ताभर पाणी गाळत आलं. हल्लीच्या धनुष्याला दोन टोकांना चाकं असतात. त्या चाकांत चिखल, दोरीतून ठिबक. दोरीच्या मधोमध नेम धरायला बारीक भोकाची एक टिकली असते. तिच्यात पाण्याचा थेंब असा गच्च बसला की मी फुंकून फुंकून दमलो. शेवटी तो निघाला आणि माझ्याच डोळ्यात गेला. नकुलाने निदान दोऱ्या उतरवून ठेवल्या होत्या. या धनुष्याची दोरी उतरवायला दुकानातलं यंत्र लागतं.

बाकीचं सामान ड्राय बॅगेत होतं. तोंड तीन वेळा गुंडाळायचं, बकल लावायचं, पाण्यात टाकली तरी तरंगते. फक्त एक लक्षात घ्यायला हवं होतं. जी पिशवी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ती आतलं बाहेरही जाऊ देत नाही. वल्हवताना घामेजलेलं जाकीट मी तिच्यात कोंबलं होतं. दोन तासांनी उघडलं तर इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ आली. अंतर मोजायच्या दुर्बिणीच्या काचा आतून पांढऱ्या. त्यातून पाहिलं तर समोरचं झाड महाबळेश्वरला होतं.

मग पाऊस आला. पुराला पावसाची गरज नव्हती, पण तो आला. पाऊस वरून येतो अशी माझी चाळीस वर्षांची समजूत होती. झाडावर तो खोडावरून येतो. फांद्याफांद्यांचं पाणी गोळा होऊन सालीच्या खाचांतून ओघळतं, खोडाला बांधलेल्या पट्ट्यावर वळतं, आणि पट्टा जिथे संपतो तिथे मी असतो. मी वळचणीला आसरा घेतला नव्हता, मीच पागोळी झालो होतो. पलीकडे पॉपॉ कोरडे. त्यांनी आपल्या पट्ट्याला, अंगापासून वीतभर अंतरावर, बुटाची एक जुनी नाडी बांधून लोंबती सोडली होती. पट्ट्यावरून आलेलं पाणी नाडीपाशी येई, वळे आणि नाडीच्या टोकाने टप्‌ टप्‌ खाली पडे. एवढंच. या नाडीपुढे माझी चारशे डॉलरची खरेदी व्यर्थ होती. माझ्याही बुटाला नाडी होती, पण बूट रबरी विजारीच्या आत.

खाली पाण्यावर तपकिरी रंगाची, ताटाएवढी एक चकती तरंगत आली. मला वाटलं पालापाचोळा. मग ती हलली. त्या लाल मुंग्या होत्या. वारूळ बुडालं की या मुंग्या एकमेकींना धरून स्वतःचाच तराफा करतात. राणी मधोमध, कोरडी. दिवसचे दिवस तशा वाहत राहतात आणि टेकायला काही मिळालं की चढतात. माझी धनुष्य ओढायची दोरी अजून पाण्यात लोंबत होती. आमच्या सोसायटीच्या गणपतीलाही असा बंदोबस्त मी पाहिला नव्हता. दोरी इतक्या वेगाने वर ओढली की मचाण कुरकुरलं, आणि पलीकडून पॉपॉने ओठांवर बोट ठेवलं. त्या अख्ख्या दलदलीत आपलं सामान कोरडं ठेवण्याची अक्कल फक्त त्या मुंग्यांना आणि त्या म्हाताऱ्याला होती.

साडेसातच्या सुमारास पाऊस थांबला. आता बाण सोडता येणार होता. पावसात सोडत नाहीत, कारण रक्ताचा माग धुऊन जातो आणि जखमी जनावर सापडत नाही. आणि उंचवट्यावर, वीस यार्डांवर, हरीण आलं. मादी होती. पाय झटकत आली, मांजर ओल्या फरशीवरून येतं तशी. तिच्या कानाच्या टोकाला एक थेंब होता. ती मान वळवी तेव्हा तो पडता पडता राही.

मी रिलीज हातात घेतलं. रिलीज म्हणजे मनगटाला बांधायचा लोखंडी चिमटा. तो दोरीच्या फाशात अडकवायचा, ओढायचं, घोडा दाबायचा. चिमटा उघडा होता. मिटेना.

आता हे सांगावंच लागेल. आमची आजी पावसाळ्यात विळीला आणि अडकित्त्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवायची. कधी गंज चढला नाही. दलदलीत लोखंड गंजतं असं ऐकल्यावर मी आदल्या रात्री बाणांच्या पात्यांना आणि चिमट्याला सढळ हाताने तेच लावलं. सकाळी पॉपॉने नाक वर करून विचारलंही होतं, "शा, घरी केक केला होता का?" (शिकारी लोक कपडे बिनवासाच्या साबणाने धुतात. मी नारळाची बाग होऊन आलो होतो.) पण वासाचं जाऊ दे. त्या सकाळी तापमान होतं सहा अंश, आणि खोबरेल तेल चोविसाच्या खाली गोठतं. लहानपणी थंडीत तेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवायचं काम माझंच होतं! ज्ञान होतं, फक्त झाडावर सुचलं.

चिमटा मी तोंडात धरला. हरीण माझ्याकडे बघत होतं. वितळेपर्यंत चोखायचं ठरवलं; चव थेट नारळीपौर्णिमेची. चिमट्यातून कट्‌ असा बारीक आवाज आला, जबडा मिटला, मी दोरीकडे हात नेला.

आणि फोन वाजला.

फोन झिपच्या तीन पिशव्यांत होता, एकीत एक. त्या सकाळी माझ्याजवळ कोरडी राहिलेली एकमेव वस्तू. बंद करायला पहिली झिप उघडेपर्यंत हरणाने शेपटीची पांढरी बाजू दाखवली आणि पाण्यात उडी टाकली. पलीकडच्या झाडावर पॉपॉ डोळ्यांवर टोपी ओढून घेत होते.

चिपळुणात संध्याकाळचे सात. दिवा लावून झाला की आई फोन करते.

"अरे, कुठे आहेस? आवाज घुमतोय."

"झाडावर."

"का? पाणी आलं का?"

"आलंय."

"किती?"

"छातीच्या वर."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई एकदम आवाज चढवून म्हणाली, "मग खाली उतरू नकोस हं. ओसरेपर्यंत वरच बस. आणि कागदपत्रं घेतलीस का?"

मी खिसा चाचपला. शिकारीचा परवाना खिशात होता. त्याचा लगदा झाला होता.