कड्याचा नंबर लिहिता, तसा जाळ्याखालचा चिखलही लिहा

जाळ्यात पकडलेल्या पक्ष्याच्या पायात, तो पुढे ओळखता यावा म्हणून, नंबराचं कडं चढवतानाचे फोटो दर हिवाळ्यात फिरतात. मला ते आवडतात. पण जाळ्याच्या आजूबाजूला काय आहे, ते त्यांत दिसत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

तमिळनाडूतलं पॉईंट कॅलिमेर घ्या. गोचिडींतून पसरणाऱ्या क्यासनूरच्या तापाशी (माकडतापाशी) स्थलांतरित पक्ष्यांचा संबंध आहे का, या शंकेतून १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) कडी चढवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. पुढे कॅलिमेर हे या कामाचं महत्त्वाचं केंद्र झालं. थोड्याच अंतरात तिथे कोरडं सदाहरित जंगल, वेदारण्यमची दलदल, मिठागरं आणि समुद्र. जंगलातल्या जाळ्यात नवरंग सापडेल, चिखलावरच्या जाळ्यात टिलवे.

छोटा टिलवा जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा. आखूड पायांचा हा पक्षी बोटभर पाण्यात, ओल्या चिखलात चरतो. ईशान्य मोसमी पावसाने पाणी वर चढलं की तो उथळ जागा शोधत निघून जातो. अमावास्येच्या काळोखात लावलेलं जाळं मग रिकामंच राहतं. टिलवे कमी झाले म्हणायचं, की पाणी वाढलं म्हणायचं? झुडपातही तेच. जाळं माणसाहून थोडंच उंच. शेजारची वेडी बाभूळ वाढली की पक्षी जाळ्याच्या वरून जातात आणि वहीतला आकडा घसरतो. दहा वर्षांनी ती वही वाचणाऱ्याला बाभळीचं काय कळणार?

म्हणून माझा आग्रह आहे: कड्याच्या नंबराशेजारी पाण्याची खोली, खारेपणा, झाडोऱ्याची उंची आणि ठरलेल्या जागेवरून काढलेला फोटो हवाच. खुणा केलेली काठी आणि मोबाइल एवढ्यावर बरंचसं भागतं.

हे आपल्याकडेही तितकंच लागू आहे. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला चरणारे पक्षी भरतीला भांडुप, उरणजवळचं पाणजे अशा जागी येऊन बसतात. पाणजेत भरतीचं पाणी अडवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. ते पाणी थांबलं तर पक्षी बसणार कुठे, आणि जाळं लावणार कुठे? कड्यांसाठी, टॅगांसाठी पैसे उभे राहतात, तसे या पाणवठ्यांवर लक्ष ठेवायलाही राहिले पाहिजेत.

यंदा कुणी कडी चढवण्याच्या (रिंगिंगच्या) शिबिराला जाणार असेल, तर जाळ्याकडे पाठ करून समोरच्या जागेचा एक फोटो नक्की काढा. तारीख आणि भरतीची वेळ लिहून इथे टाका.