गाय सुटलीय, बघून या

आमच्या सामाईक विहिरीवर चार घरांची पाळी आहे. काही वर्षांपूर्वी पाळीच्या दिवसांवरून भावकी पेटली. तिघं तयार, धाकटे चुलते बापू मात्र अडून बसले. रात्री अकराला नाना म्हणाले, "बापू, गोठ्यात गाय सुटल्यावानी वाटती. जरा बघून या." गाय बांधलेलीच होती. नानांना माहीत, बापूंनाही माहीत. बापू उठले आणि चांगला अर्धा तास गोठ्यात बसून आले. तोवर कागदावर तीन सह्या झाल्या होत्या. "मी असतो तर होऊच दिलं नसतं," असं ते आजही सांगतात. पण मोटर स्वतःच्याच पाळीला लावतात.

१४ डिसेंबर २०२३ ला ब्रुसेल्समध्ये नेमकं हेच घडलं. युक्रेनला सदस्यत्वाची बोलणी सुरू करू द्यायची की नाही, हा युरोपियन युनियनपुढचा प्रश्न. २७ देश, आणि असल्या निर्णयात एकाचा नकारही सगळं अडवतो. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान ठाम नको म्हणत होते. शेवटी जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर शोल्त्स यांनी त्यांना सुचवलं, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. ऑर्बान गेले आणि उरलेल्या २६ जणांनी ठराव करून टाकला. ऑर्बान बाहेर येऊन म्हणाले, हा निर्णय चुकीचा, आमचा त्यात सहभाग नाही. (आदल्याच दिवशी हंगेरीचा युनियनने अडवलेला सुमारे १० अब्ज युरोचा निधी मोकळा झाला होता. गोठ्यात जाणारा माणूस सहसा रिकाम्या हाताने जात नाही.) त्याच रात्री त्यांनी युक्रेनची ५० अब्ज युरोची मदत मात्र अडवली. ती सुटायला १ फेब्रुवारी २०२४ उजाडला.

बऱ्याच जणांना हा पोरखेळ वाटला. मला नाही वाटत. गावी परत जाऊन चार लोकांत मान वर करून बोलायचं असतं, हे पंतप्रधानालाही चुकलेलं नाही. त्याला तेवढी जागा ठेवली तर काम होतं.

मला राग येतो तो दुसऱ्या प्रकारच्या तडजोडीचा. एप्रिल २००८, बुखारेस्ट, नाटो या लष्करी युतीची बैठक. अमेरिकेचे बुश म्हणत होते, युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्यत्वाच्या तयारीचा कार्यक्रम द्या. जर्मनी आणि फ्रान्स म्हणत होते, आत्ता नको. मग वाक्य निघालं: हे देश नाटोचे सदस्य होतील. कधी होतील? ते लिहिलंच नाही. बुश खूश, जर्मनीच्या मर्केलही खूश. रशिया मात्र बिथरला, आणि ज्यांना शब्द दिला त्यांच्या डोक्यावर छप्पर नाहीच. चार महिन्यांत जॉर्जियात युद्ध झालं. ते एका वाक्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण दोन्हीकडून मार खायची सोय त्या वाक्याने केली, एवढं नक्की. पुढे २०१४ ला क्रिमिया गेला, २०२२ ला रणगाडे कीव्हच्या वेशीपर्यंत आले. आणि २०२३ ला व्हिल्निअसच्या नाटो बैठकीत पुन्हा तेच: मित्रदेशांचं एकमत झालं आणि अटी पूर्ण झाल्या की युक्रेनला बोलावू.

जून २०२५ मध्ये हेगला, नाटोच्याच बैठकीत, आणखी बारीक कारागिरी झाली. २०३५ पर्यंत संरक्षणावर जीडीपीच्या ५ टक्के खर्च करायचं ठरलं. साडेतीन थेट सैन्यावर, दीड इतर संबंधित गोष्टींवर. स्पेन म्हणाला, आमचं २.१ टक्क्यांत भागतं. मसुद्यात "आम्ही वचन देतो" असं होतं, तिथं "मित्रदेश वचन देतात" असं झालं, म्हणजे सगळेच बांधले जात नाहीत. ३२ जणांनी तो जाहीरनामा मान्य केला. ट्रम्प म्हणाले जिंकलो, स्पेनचे सांचेझ म्हणाले सुटलो.

हे वाचून मराठवाड्यातल्या माणसाला २८ सप्टेंबर १९५३ आठवणारच. नागपूर करार, म्हणजे विदर्भ-मराठवाडा एका मराठी राज्यात यायच्या अटी. वर्षातून एकदा नागपूरला अधिवेशन, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणून ते भरतं. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात, हेही लिहिलंय, पण त्याला एक शेपूट आहे: एका सरकारच्या गरजा सांभाळून. त्या गरजा कुणी ठरवायच्या? १९८३ पर्यंत अनुशेष इतका साचला की तो मोजायला दांडेकर समिती बसवावी लागली. १९९४ ला विकास मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. जिथं गाव आणि वेळ लिहिली तिथं मंडप उभा राहतो, जिथं मोघम लिहिलं तिथं आपण आजही निवेदनं देतोय.

आमच्या विहिरीचंही तसंच. पाळीच्या कागदावर वार आणि तास आहेत, ते चालतंय. मोटर दुरुस्तीचं मात्र "सर्वांनी आपापल्या सोयीने पैसे द्यावेत" असं लिहून बैठक उठली होती. हे वाक्य कुणाचं? माझंच. मीच शिकलेला म्हणून लिहायला बसवलं होतं, आणि उशीर झाला होता. परवा मोटर जळाली. सोय कुणाचीच नाही.

आता नवा कागद करायचाय, घरटी रक्कम आणि तारीख घालून. बापूंना फोन केला तर आधी दहा मिनिटं शिव्या खाल्ल्या. मग म्हणाले, "बैठक कधी हाय ते सांग. गाय सोडून ठेवतो."