नव्या प्रकल्पांचं कौतुक आहेच, पण जुन्या रचनेचा प्रयोग कधी?

माझी एक मैत्रीण समकालीन नृत्य करते. पुढच्या मोसमातले कार्यक्रम तिने काल टाकले. दोन नवे प्रकल्प, एका महोत्सवात वीस मिनिटांचं सादरीकरण, परगावी एक रेसिडेन्सी (काही आठवडे तिथेच राहून काम करायचं), शिवाय कार्यशाळा. खाली अभिनंदनांची रांग लागली आहे. मीही केलं, मनापासून केलं. पण गेल्या वर्षी तिने जी रचना बसवली, जिच्यासाठी ती आणि तिचा जोडीदार कित्येक महिने घाम गाळत होते, तिचं नाव या यादीत कुठेच नाही. एक प्रयोग झाला आणि ती रचना संपली.

हे तिच्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. समकालीन नृत्याला आपल्याकडे जो थोडाफार पैसा मिळतो, तो बहुतेक वेळा ‘नवीन’ कामाला मिळतो. पहिला प्रयोग सगळ्यांना हवा असतो, दुसऱ्याचा खर्च उचलायला कुणी तयार नसतं. मग कलाकार दरवर्षी नवी कल्पना शोधून अर्ज भरत बसतात.

महाराष्ट्रात असं व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. आपण प्रयोगांचे आकडे जाहिरातीत छापणारी माणसं. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशांत दामले यांनी १२,५०० वा प्रयोग केला, तेव्हा घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता आपल्याला. नाटक पहिल्या रात्री पुरतं उभं राहिलेलं नसतं, प्रयोग होतील तसं ते मुरत जातं, हे मराठी प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. मग नृत्याला एकाच रात्रीत का निकालात काढायचं? शब्द पाठ होतात. पण दुसऱ्या माणसाचं वजन आपल्या पाठीवर नेमकं कधी येणार, हे अंगात उतरायला वेळच लागतो.

नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांचंच बघा. जन्म १९२८ चा, आपल्या वाडा गावचा (आताचा पालघर जिल्हा). काम उभं राहिलं चेन्नईत. भरतनाट्यम, योग आणि कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला यांच्यातून त्यांनी स्वतःची भाषा घडवली. १९८५ चं ‘अंगिका’ आजही चर्चेत येतं. २००१ मधलं ‘शरीर’ हे त्यांचं शेवटचं काम. एक बाई, एक पुरुष, गुंदेचा बंधूंचं ध्रुपद आणि जीव मुठीत धरून बघावी अशी संथ गती. डिसेंबर २००६ मध्ये चंद्रलेखा गेल्या, पण ‘शरीर’ थांबलं नाही. तिशानी दोशी सुमारे पंधरा वर्षं ते नाचत राहिल्या. पंधरा वर्षांत नाचणारीचं शरीर बदलतं आणि त्याबरोबर कामही बदलतं. हे बघायला मिळणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे, असं मी मानते.

‘पण आपल्या लोकांना हे कळत नाही’, असं आयोजक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ब्रिटिश नर्तक अक्रम खान यांनी २०१८ मध्ये ‘झेनॉस’ आणलं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांसाठी लढायला गेलेला एक भारतीय सैनिक, जो मुळात नर्तक आहे, त्याची ही गोष्ट. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्या गावाला ‘झेनॉस’ समजावून सांगावं लागेल? मला तर वाटतं, लंडनच्या प्रेक्षकापेक्षा तिथल्या म्हाताऱ्यांना ते जास्त कळेल.

अडचण आहे ती व्यवस्थेची. आपली नाट्यगृहं सत्रावर मिळतात, आणि नृत्याची प्रकाशयोजना लावून, प्रकाश बदलण्याच्या सूचना बसवून, एकदा रंगीत तालीम करायची तर अख्खा दिवस लागतो. म्हणजे दोन सत्रांचं भाडं प्रेक्षक आत येण्याआधीच गेलं. रंगमंचाच्या फळ्या कुठे वर आलेल्या, कुठे खिळा डोकावतोय. नाटकात चपला घालून वावरणाऱ्या नटाला तो बोचत नाही, अनवाणी लोळणाऱ्या नर्तकाची पाठ मात्र सोलून निघते. काही ठिकाणी तर फळ्यांखाली सरळ काँक्रीट असतं, तिथे उड्या मारायच्या म्हणजे गुडघे पणाला लावायचे. वर अंथरायला व्हिनाइलची जमीन भाड्याने आणावी लागते, तिचा टेम्पो वेगळा. रंगमंच इतका उंच की पहिल्या रांगांमधून पावलंच दिसत नाहीत! यातलं निम्मं तरी नगरपालिकांना सहज करता येईल. फळ्या दुरुस्त करायच्या, व्हिनाइलची एक जमीन विकत घेऊन ठेवायची आणि नृत्याच्या प्रयोगाला तालमीचं सत्र अर्ध्या भाड्यात द्यायचं.

महोत्सव भरवणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. एखाद्या वर्षी एकही नवं काम मागवू नका. आधी झालेली चार कामं घ्या आणि प्रत्येकाचे तीन-तीन प्रयोग लावा, तेही वेगवेगळ्या गावांत.

मैत्रिणीशी मी बोलले आहे. ती जुनी रचना पन्नास मिनिटांची आहे, नाचणारे दोघंच आहेत आणि सगळं सामान एका गाडीत मावतं. शाळेचं सभागृहही चालेल, फक्त जमीन लाकडी हवी. कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, मडगाव, कुठेही कुणी एक संध्याकाळ देऊ शकत असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. तिकीट लावूनच करू.